गाळ काढा, पण तलाव टकला करू नका



आमच्या गावच्या मामा तलावातला गाळ या उन्हाळ्यात काढायचं ठरलंय. ग्रामसभेत विषय आला, हात वर झाले, ठराव झाला. गाळ काढायला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचायच्या आधीच भांडण सुरू व्हायचं. माझ्या धानाच्या बांध्या त्याच तलावाच्या पाटावर आहेत आणि त्याही अगदी शेवटच्या टोकाला. धान निसवायच्या वेळेस पाऊस दगा देतो तेव्हा रात्र रात्र पाटावर कंदील घेऊन बसणारे आम्हीच. तलावात दोन पाणी जास्त राहावं असं वाटणाऱ्यांत मी पहिला. पण ठरावात एक ओळ घुसली आहे: "तलावातील संपूर्ण वनस्पती काढून तलाव स्वच्छ करणे." ही पोस्ट त्या एका ओळीसाठी आहे.

बाहेरच्या जिल्ह्यातल्या मित्रांसाठी थोडक्यात सांगतो. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून बांधत आले, त्यात कोहळी समाजाचा हात मोठा. पुढे मालगुजार आले, आणि १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली तेव्हा तलाव सरकारकडे गेले. पाणी धानाला, मासोळी ढिवर बांधवांना, पाळीवरचा आंबा-मोह गावाला असं त्याचं साधं गणित होतं. तलाव उथळ असतात. धरणासारखा खड्डा नसतो, ताटासारखे असतात. एका बाजूला मातीची पाळ आणि दुसऱ्या बाजूला पाणी हळूहळू चढत चढत जंगलाला किंवा शेताला टेकतं. ही ताटासारखी ठेवण ध्यानात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

आता त्या "संपूर्ण वनस्पती" कडे येऊ.

आपण शेतकरी लोक पाण्यातल्या हिरव्या वस्तूला एकच नाव देतो, कचरा. फार झालं तर शेवाळ. बांधीत धान सोडून जे उगवलं ते तण, ही सवय हाडात गेली आहे, तीच नजर तलावावर पडते. मी मागच्या कार्तिकात मच्छी सोसायटीतल्या एका म्हाताऱ्या काकांसोबत डोंग्यात बसून सगळा तलाव फिरलो. काकांचं वय सत्तरच्या पुढे, शाळा दुसरीपर्यंत. डोंगा ढकलत ते एकेक झाड उपटून हातात देत होते आणि याच्यात कोणता मासा अंडी घालते, याले कोणतं पाखरू खाते, हे कोणत्या पाण्यात होत नाही, असं सांगत होते. मी वहीत लिहीत गेलो. एका सकाळी एकवीस प्रकार झाले. माझी पुतणी बीएस्सी आहे, तिनं नंतर फोटोवरून शास्त्रीय नावं लावून दिली. सगळी इथं देत नाही, पण चार घरं समजून घ्या, कारण प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

पहिलं घर काठाचं. देवधान, म्हणजे आपोआप उगवणारं जंगली धान, मग लव्हाळे, पाणकणीस, आणि ते पोकळ नळीसारखं बिनपानाचं गवत ज्याच्या बुडाशी चिखलात बारका कंद असतो. तो कंद सारस पक्षी चोचीनं खणून खातो. महाराष्ट्रात सारस आता गोंदिया-भंडाऱ्याकडेच काय ते उरलेत, आणि ते अशाच काठांवर आणि आपल्या धानाच्या बांध्यांत फिरतात. काठाचं हे गवत शेतातून येणारं पाणी गाळून आत सोडतं. पहिल्या पावसात बांध्यांतून जी लाल माती वाहत येते ती या गवतात अडकते. म्हणजे ज्या गाळाच्या नावानं आपण आता जेसीबी बोलावतोय, तो गाळ आत जाऊ न देणारा पहारेकरी हाच. त्याला आधी काढायचं आणि मग दर पाच वर्षांनी गाळ काढत बसायचं, हा हिशेब मला पटत नाही.

दुसरं घर कमळ, कुमुदिनी यांचं. मूळ चिखलात, पान पाण्यावर. पानाखाली सावली राहते, एप्रिलच्या उन्हात पाणी तापत नाही तेवढं. कमळाचा कंद आमच्याकडच्या बाया काढून बाजारात विकतात, तो पैसा त्यांच्या हातात राहतो. शिंगाडाही याच घरातला धरा. फक्त शिंगाड्यावर भुंगेरा आला की लोक पंप घेऊन पाण्यावरच फवारणी करतात, आणि त्याच पाण्यात खालच्या बाजूला म्हशी बसलेल्या असतात. त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

तिसरं घर पूर्ण बुडालेलं. हे वरून दिसत नाही म्हणून याला कोणी मोजत नाही, पण पाण्याचा खरा कारभारी हाच. हायड्रिला तुम्ही पाहिली असेल, बारीक पानांची लांब वेल, जाळ्यात अडकून येते. दुसरी फितीसारख्या लांब पानांची, तिला व्हॅलिस्नेरिया म्हणतात. तिची मादी फुलं लांब देठावर पाण्याच्या पृष्ठभागावर येतात, नराची फुलं खाली सुटून वर तरंगत येतात आणि वाहत वाहत मादीला भिडतात. मग तो देठ स्प्रिंगसारखा गुंडाळून फळ खाली ओढून नेतो. अख्खा तास मी ते बघत होतो, काका म्हणाले, "घरी जाचं हाये का इथंच मुक्काम करतं?" तिसरी कोल्ह्याच्या शेपटीसारखी, जिला मूळच नसतं, सेराटोफायलम. आणि एका कोपऱ्यात पिवळ्या फुलांची एक नाजूक वनस्पती मिळाली, तिच्या पानांना बारीक पिशव्या असतात आणि त्या पिशव्यांत ती पाण्यातले किडे धरून खाते. युट्रिक्युलेरिया. खताचं पाणी फार आलं की ती टिकत नाही. ती सापडली तेव्हा मला बरं वाटलं, कारण आमच्या तलावाचा तो कोपरा अजून खतापासून वाचलाय असा त्याचा अर्थ.

चौथं घर तरंगणाऱ्यांचं. टिकलीएवढी लेम्ना, अझोला, आणि मग ती जलपर्णी, जिला कोणी जलकुंभी म्हणतात आणि सरकारी कागदात इकॉर्निया. या चौथ्या घराबद्दल पुढे सांगतो.

पाण्याचा आणि या झाडांचा संबंध काय ते आता बघू. कृषी सहायक मित्र वाचत असतील तर चुकलं तिथं दुरुस्त करा.

युरिया, डीएपी आपण बांधीत टाकतो. धान सगळं उचलत नाही. मोठा पाऊस आला की काही नत्र आणि स्फुरद पाण्याबरोबर आणि मातीबरोबर खाली जातं. आमच्या तलावाच्या वरच्या अंगालाही आता शेती आहे, पूर्वी झुडपी जंगल होतं. हे खत तलावात आलं की त्याला दोन दावेदार असतात. एक ही बुडालेली झाडं, आणि दुसरं पाण्यात तरंगणारं डोळ्याला न दिसणारं हिरवं शेवाळ, ज्यामुळे पाणी हिरवं दिसतं. झाडं भरपूर असली तर ती खत उचलतात, तळाचा चिखल मुळांनी धरून ठेवतात, आणि त्यांच्या पानांत लपून राहणाऱ्या पाणपिसवा रात्री बाहेर येऊन हिरवं शेवाळ खातात. पाणी नितळ राहतं. नितळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं म्हणून झाडं आणखी वाढतात. चाक सुलटं फिरतं.

झाडं गेली की तेच चाक उलटं. चिखल मोकळा होतो, वारा आला, म्हैस उतरली की पाणी गढूळ. गढूळ पाण्यात ऊन खाली जात नाही, म्हणून नवी झाडं उगवत नाहीत. खत सगळं हिरव्या शेवाळाला. पाणपिसवांना लपायला जागा नाही, त्यांना बारके मासे संपवतात. मग पाणी बारा महिने गढूळ-हिरवं. आणि एकदा असं झालं की नुसतं खत बंद करून ते लवकर परत येत नाही, ही त्यातली खरी वाईट गोष्ट. जगभरच्या उथळ तळ्यांवर शास्त्रज्ञांनी हेच पाहिलं आहे, उथळ तळं एकतर नितळ राहतं नाहीतर गढूळ, मधल्या जागेवर फार दिवस थांबत नाही. ताटासारखा तलाव म्हणालो ना, तो याच कारणानं नाजूक.

मासेवाल्यांसाठी प्राणवायूचं गणित. पाणी जेवढं गरम तेवढा त्यात प्राणवायू कमी मावतो. ३० अंशाच्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास, त्याहून फार नाही. माशाला सुखानं जगायला ५ तरी लागतो. दिवसा ऊन असताना झाडं आणि शेवाळ दोघंही प्राणवायू सोडतात, रात्री दोघंही खातात. म्हणून सगळ्यात कमी प्राणवायू पहाटे, कोंबडा आरवायच्या वेळेस. पाणी हिरवंगार असलं आणि दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिलं की दिवसाची कमाई नाही आणि रात्रीचा खर्च चालू. त्यात शेवाळ एकदम मेलं तर सडतानाही प्राणवायू खातं. मग पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात, आणि उजाडेपर्यंत पांढरी पोटं वर.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. शेजारच्या एका गावच्या तलावावर घडलं आहे. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं आपलीच आहेत.

चार उन्हाळ्यांपूर्वी त्यांचा तलाव खरवडला. ठेकेदारानं मशीन लावली आणि काठापासून काठापर्यंत सगळं एकसारखं काढलं, पाळीच्या पोटापर्यंत. ताट होतं त्याची टाकी झाली. काठ उभे. शेतकरी खूश, ट्रॉल्या भरभरून गाळ नेला, आणि पहिल्या वर्षी बांध्यांत धान खरंच जोरात आलं, ते मी नाकारत नाही. पाणीही उन्हाळ्यापर्यंत राहिलं. पण कसलं पाणी? दूध घातलेल्या चहासारखं. मोटारीच्या फुटव्हॉल्व्हला चिखल. गुरं काठ उभा म्हणून उतरायला भितात, एक गाय घसरून फसली ती दोर लावून काढावी लागली. सोसायटीनं म्हटलं, पाणी आहे तर बीज सोडू. रोहू, कटल्यासोबत सायप्रिनस आणि गवत्या सोडला. सायप्रिनस तळाचा चिखल उकरून खातो, म्हणजे पाणी आणखी ढवळलं. गवत्या तर नावाप्रमाणे गवत खातो, जी चार झाडं कोपऱ्यात पुन्हा फुटत होती ती त्यानं साफ केली. दुसऱ्या वर्षी पाणी रंगाच्या डब्यासारखं हिरवं झालं. असल्या शेवाळात काही जाती विषारी असतात, ते पाणी गुरांना पाजू नये, हे जनावरांच्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं. मग भाद्रपदात आभाळ लागून राहिलं आणि एका पहाटे मासे गेले. सोसायटीचं बीज, खाद्य, वर्षाची मेहनत सगळं. ज्यांची घरं त्यावर चालतात त्यांच्या दारात त्या दिवशी मी गेलो होतो. तिथं काय बोलणार.

गवत्या म्हणजे वाईट मासा असं मी म्हणत नाही. तो १९५९ साली आपल्या देशात आणला तेव्हा तण माजलेल्या तळ्यांसाठीच आणला, आणि शेततळ्यात, टाकीत त्याचं काम आहे. तसंच झाडाचंही. आपली हायड्रिला अमेरिकेत फ्लोरिडात गेली आणि तिथली तळी, कालवे तिनं असे भरून टाकले की ती काढायला ते लोक कितीतरी वर्षं खर्च करत आहेत. इथं तिला खाणारे, तिच्याशी भांडणारे शेकडो वर्षांचे शेजारी आहेत म्हणून ती मर्यादेत राहते. आमच्या एकवीस प्रकारांत कोणी एक पाटील नाही, म्हणून तलाव शांत आहे.

मी आणि पुतणीनं दोन्ही तलावांत थाळी सोडून पाहिली. ही युक्ती कोणालाही जमते. वीतभर रुंदीची स्टीलची थाळी घ्या, ऑईलपेंटनं तिचे चार भाग करून आलटून पालटून काळा-पांढरा रंग द्या, मधे भोक पाडून दोरी बांधा, खाली दगड. दोरीला दर अर्ध्या फुटावर गाठ. दुपारी ऊन डोक्यावर असताना डोंग्याच्या सावलीच्या बाजूनं हळूच सोडा आणि दिसेनाशी झाली की गाठी मोजा. १८६५ साली इटलीतल्या सेक्की नावाच्या पाद्री-शास्त्रज्ञानं समुद्रात पांढरी थाळी सोडून हे सुरू केलं, अजून शास्त्रज्ञ त्याच्याच नावानं ओळखतात. आमच्या तलावात पौषात थाळी सातव्या गाठीपर्यंत दिसली. त्या तलावात पहिली गाठ बुडायच्या आधीच गेली. प्रयोगशाळेत बाटली पाठवायला माझी ना नाही, पाठवावीच, पण बाटली त्या दिवसाचं पाणी सांगते. झाडं अख्ख्या वर्षाचं सांगतात, कारण त्यांना तिथं बारा महिने राहायचं असतं.

आता ज्यांना वाटतंय की हा माणूस प्रत्येक गवताची पूजा करायला सांगतोय, त्यांच्यासाठी चौथं घर. जलपर्णी काढा. मुळासकट काढा, पाळीपासून दूर नेऊन वाळवा, कंपोस्ट करा. ती दक्षिण अमेरिकेतून आलेली आहे, आणि तिला जमलं तर दोन आठवड्यांत दुप्पट होते. पाण्यावर सतरंजी अंथरल्यासारखी पसरते, खाली ऊन नाही, हवा नाही, तिसऱ्या घरातलं सगळं कुटुंब अंधारात मरतं. तीच गत बेशरमाची. आमच्या भागात कुंपणाला लावलेला बेशरम तलावाच्या काठावर उतरला आणि देवधानाची जागा खाऊन बसला. शेळ्यांना त्याची चटक लागली तर झुरून मरतात. तोही काढा, आणि तोडू नका, उपटा, कारण तोडलेल्या प्रत्येक कांडीतून तो पुन्हा फुटतो. नाव उगाच पडलेलं नाही.

आणि बुडालेल्या झाडांचंही अति नको. सगळा तलाव हायड्रिलानं भरला तर रात्री तीच प्राणवायू खाते, जाळं टाकायला जागा राहत नाही, पाटाच्या तोंडाशी गच्च होतं. काकांना मी विचारलं, "काका, तुमच्या जाळ्यात हे गवत अडकते, मंग तुम्हीच कसे म्हणता राहू द्या?" तर म्हणाले, "जाळं अडकते बाबू, खोटं नाही. पण गवत नसन तं जाळ्यात येन काय? पाणी?" त्यांचा हिशेब असा: पाटाच्या तोंडाशी, घाटाजवळ आणि मधल्या पाण्यात मोकळं ठेवायचं, दरवर्षी हातानं काढायचं. वरच्या उथळ अंगाला हात लावायचा नाही. मरळ, शिंगी आणि बाकी देशी मासे अंडी-पिल्लं तिथंच वाढवतात, सोसायटीला त्याचं बीज विकत आणावं लागत नाही.

हे काम शास्त्रशुद्ध करणारी माणसं आपल्याच जिल्ह्यांत आहेत. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी ढिवर समाजातल्या जाणत्यांकडून शिकून, त्यांच्यासोबत आणि बायांच्या गटांसोबत तलाव पुन्हा उभे केले आहेत. बेशरम काढायचा, उन्हाळ्यात तलावाची कोरडी जमीन नांगरायची, पावसाळ्यात पाणी आलं की दुसऱ्या तलावातून देशी झाडं आणून रोवायची. आपण पऱ्हे रोवतो तसंच. ते काम बघून आलेला माणूस "तलावातला कचरा" म्हणत नाही.

तर आमच्या ठरावाचं काय. मी, सोसायटीचे अध्यक्ष आणि बचत गटाच्या दोन ताई असे सरपंच भाऊंकडे गेलो. भाऊ म्हणाले, "तुमचं पटते, पण मशीन तासावर असते. ठेकेदार म्हणन, मले सरळ काम द्या." हे खरं आहे. मशीनवाल्याला सरळ काम पाहिजे, शेतकऱ्याला गाळ, सोसायटीला मासा. म्हणून तक्रार करून न थांबता आम्ही जागेवर आखणी करून द्यायचं ठरवलं. चुन्याची फक्की आणि खुंट्या, कबड्डीचं मैदान आखतो तसं.

आमची मागणी अशी आहे. गाळ पाळीच्या बाजूच्या आणि मधल्या खोल भागातूनच काढायचा. खरा गाळ तिथंच साचलेला आहे, वरच्या अंगाला फूटभर खणलं की मुरूम लागतो, मी स्वतः सब्बल मारून सहा ठिकाणी बघितलं. वरच्या अंगाचा सुमारे तिसरा हिस्सा आहे तसा सोडायचा. पाळीच्या पायथ्याशीही जागा सोडायची, पाळ खालून पोखरली तर गाळ राहिला बाजूला, पाळच जाईल. खोल भागाचा उतार हळू ठेवायचा, उभी भिंत नको, गुरं आणि लेकरं उतरतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वरचा एक फूट थर आधी वेगळा काढून बाजूला ढीग मारायचा, खालचा गाळ शेतात न्यायचा, आणि शेवटी त्या वरच्या थरातला काही भाग पुन्हा तळाशी पसरायचा. का? कारण हायड्रिलाचे गड्डे, नळीगवताचे कंद, देवधानाचं बी, सगळं त्या वरच्या फूटभरातच झोपलेलं असतं. कमळाचं बी तर किती दिवस झोपतं ऐका, चीनमध्ये हजार वर्षांहून जुनं कमळाचं बी उगवल्याची नोंद आहे. आपण ते बी ट्रॉलीत भरून तुरीच्या धुऱ्यावर टाकतो.

यावर एक शेतकरी मित्र म्हणाले, वरचा थरच तर सगळ्यात कसदार, तोच आम्हाला पाहिजे. बरोबर आहे. म्हणून सगळा नाही मागत, चौथा हिस्सा परत टाका एवढंच. एका बांधीमागे दोन ट्रॉल्या कमी पडतील. माझ्या वाट्याच्या दोन ट्रॉल्या मी सोडल्या असं सभेत लिहून दिलं आहे.

अजून एक, वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांशी बोलणं सुरू आहे. तलावाला लागून शेवटच्या बांधीचा धुरा फोडून पाणी सरळ तलावात सोडू नये, आधी गवताच्या पट्टीवरून जाऊ द्यावं. तणनाशक मारल्यावर दोन-चार दिवस तरी बांधीचं पाणी अडवून ठेवावं, तलावातली झाडंही झाडंच आहेत, औषधाला ओळख नसते. खत एकदम न देता हप्त्यानं द्यावं. हे तर धानासाठीही चांगलं, खिशासाठीही. तिघं तयार आहेत, एक जण म्हणतो आधी तुमची सोसायटी गवत्या सोडणं बंद करते का ते सांगा. प्रश्न रास्त आहे. सोसायटीच्या बैठकीत तो विषय पुढच्या सोमवारी आहे.

मशीन अक्षय तृतीयेनंतर येणार. त्याआधी रविवारी सकाळी सातला पाळीवर मारुतीच्या देवळाजवळ जमायचं आहे, खुंट्या मारायला आणि बेशरम उपटायला. फावडं, कुदळ, हातमोजे आपापले आणा. आजूबाजूच्या गावांतून ज्यांना पावसाळ्यात रोवायला देशी झाडं न्यायची असतील त्यांनी आतापासून सांगा, आषाढात पाणी भरलं की काका स्वतः काढून देणार आहेत. ओल्या पोत्यात गुंडाळून न्यायची, उन्हात ठेवायची नाहीत, त्याच दिवशी गुडघाभर पाण्यात चिखलात खोचायची. आणि नेण्याआधी बादलीत दोनदा हिसळून घ्या, जलपर्णीचा एक कोंब जरी सोबत गेला तर तुमच्याकडचं काम माझ्या नावावर लागेल.